डॉक्टर फोनवर आली, पण फोन कुणाच्या हातात?

मिरजेत दवाखान्यांची वानवा कधीच नव्हती. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभारले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आजही कर्नाटकातले रुग्ण रेल्वेने येऊन इथे उपचार घेतात. माझे माहेर मिरजेचे. आमच्या मोहल्ल्यातून बाहेर पडले की दहा मिनिटांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तीन-चार पाट्या दिसतात. तरीही त्याच मोहल्ल्यात पाळीतला अतिरक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे, लघवीची जळजळ अशा तक्रारी वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या बायका आहेत. अंतर त्यांच्या आड येत नाही. दवाखान्यात जायचे तर सोबत कुणीतरी लागते, सासूला कारण सांगावे लागते, पैसे मागावे लागतात आणि बाकड्यावर ओळखीचे कुणी ना कुणी भेटतेच.

माझे सासर साताऱ्याचे. तिथले चित्र वेगळे. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरी गावांना अंतर खरोखर आडवे येते. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वस्त्यांना पावसाळ्यात साधा रक्तदाब तपासायचा तरी दिवस मोडावा लागतो. माण-खटावमध्ये रस्ता आहे, पण एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा सातारा-सांगलीत बाईच्या आरोग्याच्या दोन अडचणी आहेत. एक रस्त्याची, दुसरी घराची. फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला मिळण्याची सोय आली तेव्हा दोन्ही सुटतील असे वाटले होते. पहिली बऱ्यापैकी हलली आहे. दुसरीचे काय झाले, यावर आज आपण बोलायला हवे.

आधी काय आले ते पाहू. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा मोहालीच्या सी-डॅकने तयार केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांतून सुरू झाली. कोरोनाच्या टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० पासून, ती घरबसल्या वापरता येऊ लागली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले दिले गेले होते. तिची दोन रूपे आहेत. एकात रुग्ण स्वतः मोबाइलवर नोंदणी करतो, टोकन घेतो आणि डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात गावच्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतात. याशिवाय खासगी ॲप आहेत, आणि व्हॉट्सॲपवर रिपोर्ट मागवून सल्ला देणारे आपल्या ओळखीचे डॉक्टरही आहेत. या सगळ्याला २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी नियमांची चौकट दिली आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिते. लॉगिन, ओटीपी, नोटिफिकेशन हा माझा रोजचा व्यवहार. त्यामुळे मोहल्ल्यातल्या एका भाभींची गोष्ट ऐकली तेव्हा माझे लक्ष ‘डॉक्टर काय म्हणाली’ याच्या आधी ‘ओटीपी कुणाला गेला’ याकडे गेले. भाभींना पाळी संपल्यानंतरही रक्त जात होते. त्यांनी एका खासगी ॲपवरून बाई डॉक्टर शोधली. घरातला फोन मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला, पण सिम नवऱ्याच्या नावावर आणि त्याच नंबरचे दुसरे सगळे व्यवहार नवऱ्याच्या हाती. तो पुण्यात सेंटरिंगच्या कामावर. खाते त्याच्या मेलवर उघडलेले, म्हणून सांकेतिक आकडा त्याच्याकडे गेला. त्याने फोन करून विचारले, ‘किसके वास्ते है?’ भाभी म्हणाल्या, ‘छोटे को बुखार है.’ मग डॉक्टरलाही त्यांनी तापाचेच सांगितले, कारण चिठ्ठी त्याच मेलवर जाणार होती. फी भरली गेली, सल्ला मिळाला, आणि रक्त जायचे ते जातच राहिले.

यात नवरा खलनायक नाही. त्याने सहज विचारले. ॲप बनवणाऱ्यांनीही काही वाईट हेतूने ते बनवले नव्हते. त्यांनी एवढेच गृहीत धरले होते की एक फोन म्हणजे एक माणूस. आपल्याकडच्या घरात एक फोन म्हणजे चार माणसे असतात, आणि त्या चारांत सगळ्यात शेवटी नंबर लागतो तो घरच्या बाईचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे आकड्यांत दिसते. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या ५४ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. म्हणजे मोबाइलवरची आरोग्यसेवा आधी पुरुषांच्या खिशात पोहोचते, आणि तिथून बायकांना मागून घ्यावी लागते. पोटदुखी, खोकला यांसाठी मागायला संकोच नसतो. पाळी, गर्भनिरोधक, गर्भपात, लैंगिक आजार यांसाठी मागता येत नाही. ज्या आजारासाठी खासगीपणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच हे साधन थिटे पडते.

लांब राहून, तोंड न दाखवता असे प्रश्न विचारण्याची गरज महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचक पत्राने आपल्या शंका पाठवत आणि कर्वे त्यांना छापून उत्तरे देत. पोस्टाच्या पाकिटाने तेव्हा तेच काम केले जे आज व्हिडिओ कॉलने करावे अशी आपली अपेक्षा आहे. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, पण प्रश्न विचारण्याचा वाचकांचा हक्क त्यांनी ठामपणे मांडला. नव्वद वर्षांनी प्रश्न विचारायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. आडकाठी आहे ती घरातल्या नजरेची.

आपल्या समाजात या नजरेला ‘हया’ हे नाव दिले जाते. हया हे मोलाचे मूल्य आहे, पण तिचा अर्थ आजार लपवणे असा कधीच नव्हता. मदिनेच्या अन्सार स्त्रिया पाळीनंतरच्या स्वच्छतेविषयीचे प्रश्न थेट पैगंबरांना विचारत, आणि लाजेपायी त्या शिकायच्या थांबल्या नाहीत म्हणून हजरत आयशा यांनी त्यांचे कौतुक केल्याची नोंद हदीसमध्ये आहे. गर्भनिरोधनाच्या जुन्या पद्धतीवर इमाम गझालींसारख्या विद्वानांनी उघडपणे चर्चा केली आणि तिला वाव दिला. तेव्हा आमच्या मुलींना प्रश्न विचारू न देण्यासाठी धर्माकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी तो इतिहास वाचावा. उलट परपुरुषासमोर तपासणीचा संकोच असलेल्या बाईला घरात बसून बाई डॉक्टरशी बोलता येणे, यापेक्षा हयेची जास्त काळजी घेणारी सोय कोणती?

आता फोनवर काय होऊ शकते आणि काय नाही, हे स्पष्ट असावे. पाळी अनियमित आहे, पीसीओएसचे निदान झाले आहे आणि पुढची औषधे विचारायची आहेत, सोनोग्राफीचा रिपोर्ट समजून घ्यायचा आहे, बाळाला दूध पुरत नाही असे वाटते, पाळी जाण्याच्या वयातला त्रास आहे, यासाठी फोन उत्तम. कोणते गर्भनिरोधक आपल्याला योग्य, हेही फोनवर ठरवता येते. सरकारी केंद्रात माला-एन गोळ्या, आठवड्याची ‘छाया’ गोळी, तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळते. पण माला-एनसारखी गोळी रक्तदाब जास्त असलेल्या बाईला चालत नाही. म्हणून फोनवरची डॉक्टर रक्तदाब विचारणारच, आणि तो मोजायला उपकेंद्रात जावे लागणार. तांबी बसवायला किंवा इंजेक्शन घ्यायला तर जावेच लागते. फोन आणि उपकेंद्र अशी ही जोडी आहे. बाळंतपणानंतर सतत रडू येणे, बाळाकडे बघावेसे न वाटणे हाही आजार असू शकतो. त्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

काही वेळा मात्र फोनवर बोलत बसणे धोक्याचे असते. गरोदरपणात रक्त जाणे, ओटीपोटात अचानक जोराची कळ, पाळी चुकलेली असताना पोटात दुखून चक्कर येणे, डोके ठणकणे आणि डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणे, बाळंतपणानंतर ताप किंवा खूप रक्तस्राव. यातले काहीही असेल तर १०८ लावा आणि निघा. व्हिडिओवरच्या चांगल्या डॉक्टरचीही ओळख हीच, की ‘हे फोनवर नको, लगेच जा’ असे ती वेळेवर सांगते.

फोनचा एक उपयोग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे दुसरे मत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मराठवाड्यातल्या याच टोळ्या दर हंगामात सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात. पांढरे जाते, पोटात दुखते, यावर ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला आपल्या वस्त्यांतही ऐकू येतो. पिशवी काढणे कधी गरजेचे असते, पण तिशीतल्या बाईला तो सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर रिपोर्टचे फोटो पाठवून दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला विचारायला काय हरकत आहे? त्या एका फोनने ऑपरेशनचा खर्च, कर्ज आणि अकाली येणारी कमजोरी टळू शकते.

गर्भपाताबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे, आणि सांगली जिल्ह्यात त्या गोंधळाला इतिहास आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका विवाहितेचा गर्भपातात मृत्यू झाल्यानंतर ते उघडकीस आले. २००१ च्या जनगणनेत सांगलीत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८५१ मुली होत्या. सातारा जिल्हा परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुसा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावे दिली, तीही याच मानसिकतेची खूण. या सगळ्यामुळे लोकांच्या मनात दोन कायदे एक झाले. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्याने अटींसह मान्य असलेली वैद्यकीय सेवा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही यात समान हक्क दिला. प्रौढ बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, आणि तिचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे. एवढे चार मुद्दे जरी प्रत्येक मुलीला माहीत असले तरी भोंदूंचा निम्मा धंदा बसेल.

पण इथेच फोनची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. इंग्लंडमध्ये मार्च २०२० पासून फोनवरच्या सल्ल्यानंतर गर्भपाताच्या गोळ्या घरी पाठवण्याची मुभा मिळाली, आणि २०२२ मध्ये ती कायम झाली. ते वाचून आपल्याकडेही तसेच चालते असे समजू नका. आपल्या नियमांत ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो, पण कायद्याने पात्र ठरलेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर गोळ्या घेऊनही जीव धोक्यात राहतो. म्हणून कुरिअरने गोळ्या पाठवणाऱ्या कुणाही अनोळखी माणसावर विसंबू नका. आणि संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी नव्हे. ती औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. फोनवरची डॉक्टर तुम्हाला दिवस मोजून, हक्क समजावून, जवळच्या मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवू शकते. घाबरलेल्या मुलीसाठी तेवढी दिशाही मोठी असते.

माझ्या क्षेत्रातले दोन इशारे. पहिला, आरोग्याचे प्रश्न चॅटबॉटला विचारणाऱ्या मुली आता मोहल्ल्यातही आहेत. माहिती वाचायला हरकत नाही, पण २०२० च्या त्याच तत्त्वांनुसार यंत्राला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ती चिठ्ठी नव्हे. दुसरा, पाळीच्या तारखा नोंदवणारी फुकट ॲप फुकट नसतात. ‘फ्लो’ या लोकप्रिय ॲपने वापरकर्त्या स्त्रियांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोहोचवल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२१ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. पण घरातल्या घरात होणाऱ्या डोकावण्यापासून कोणताही कायदा वाचवत नाही. तारखा वहीत किंवा कॅलेंडरवर खूण करून ठेवणे अजूनही सर्वांत सुरक्षित.

सामायिक फोन वापरावाच लागत असेल तर थोडी काळजी घेता येते. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणे बंद करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप गॅलरीत जाऊ देऊ नका, आणि तुमचे व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या यंत्राला जोडलेले आहे का ते ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये पाहा. घरभर एकच गुगल खाते असेल तर रिपोर्टचा फोटो सगळ्यांच्या फोनवर उमटतो. कॉल सुरू होताच डॉक्टरला सांगा, ‘मी एकटी नाही, हो-नाहीत उत्तरे देईन.’ चांगली डॉक्टर समजून घेते. आणि यातले काहीच जमत नसेल तर उपकेंद्रात जा. तिथे ओटीपीची भानगड घरापर्यंत येत नाही.

या साऱ्या सावधगिरीचा भार मात्र बाईनेच का उचलावा? शासनाकडे आपण ठोस मागण्या करायला हव्यात. ई-संजीवनीवर बाई डॉक्टर निवडण्याची सोय असावी, किंवा निदान दिवसातले काही तास स्त्री-आरोग्यासाठी राखून बाई डॉक्टर बसाव्यात. जत तालुक्यात कन्नड आणि आपल्या मोहल्ल्यांत दखनी समजणारे कुणीतरी पलीकडे असावे. ‘सफेद पानी’ म्हटल्यावर समजणारी डॉक्टर हवी. येणाऱ्या मेसेजमध्ये आजाराचे, विभागाचे नाव नसावे. उपकेंद्रात पडदा आणि दार लागणारी खोली असावी. माझ्यासारख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही सांगणे आहे. एका नंबरवर अनेक रुग्ण आणि प्रत्येकाचा वेगळा पिन, हे करायला अवघड नाही. असे वापरणारीही कुणी असेल, एवढे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे लागते.

आणि आपण स्वतः? आपल्या कार्यकर्त्यांनी मोहल्ल्यात एक खोली शोधावी. शाळेची, वाचनालयाची, कुणाच्या घरची. आठवड्यातून दोन दुपारी तिथे एक फोन असावा, दाराबाहेर आपली एखादी आपा बसावी. आत काय बोलणे झाले हे तिने विचारू नये, कुठे लिहूनही ठेवू नये. नंबर कसा लावायचा, टोकन कसे घ्यायचे एवढेच तिने शिकवावे. याला फार पैसे लागत नाहीत, विश्वास लागतो.

भावांनो, तुमचे काम सर्वांत सोपे आहे. बहिणीच्या, बायकोच्या, अम्मीच्या नावावर सिम घ्या. त्याचा पिन विचारू नका. रिचार्ज तुम्ही मारलात म्हणून फोन तुमचा होत नाही. ती डॉक्टरशी बोलत असेल तेव्हा मुलांना घेऊन अर्धा तास बाहेर जा, आणि परतल्यावर ‘काय म्हणाली?’ ऐवजी ‘काही आणायचे आहे का?’ एवढेच विचारा.